बिनक्लचच्या गाडीचं तेल

प्रताप नगरात आमच्या घरापुढे तेव्हा एक लांबलचक अमेरिकन गाडी उभी असायची. नागपूर सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून बाबांनी ती जुनीच घेतली, आणि घेतली ती माझ्यासाठी. लहानपणी तापात माझा डावा पाय गेला होता. या गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे, म्हणून एका पायावर मी ती चालवत कॉलेजात जायची. दुसरी कुठलीच गाडी मला चालवता आली नसती.

मग ती बिघडली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नुसती घरघर, पुढं सरकायचं नावच नाही. गावात त्या गिअरबॉक्सला हात लावायला कोणी तयार नव्हतं. काका म्हणाले, "फेकून दे थे. जीपचा गिअरबॉक्स बसवून टाकू, क्लचवाला. उद्या मिस्त्रीले घेऊन येतो." लोक तेव्हा असंच करायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. क्लच काय काका दाबणार होते?

बाबा म्हणाले, आधी गिअरचं तेल बदलून पाहू. कुठून कुठून फिरून त्यांनी लाल तेलाचे डबे आणले आणि रविवारी सकाळी गाडीखाली शिरले. निघालं ते काळं, करपलेल्या फोडणीच्या वासाचं, आणि तेही निम्मंच. गाडीच्या पुस्तकाला वाळवी लागली होती. एकूण तेलाचा आकडा तेवढा शाबूत होता.

"बाकीचं गेलं कुठं वं?" बाबांनी खालून विचारलं. जसं काही मीच पिऊन बसले होते.

निघालं तेवढं नवं भरलं. गाडी बंद ठेवून तेल मोजायची पट्टी काढली, तर तेल खुणेच्या वर. काका म्हणाले, काढा. काढलं. गाडी सुरू करून पाहिलं, तर खुणेच्या पार खाली. काका म्हणाले, टाका. टाकलं. बंद केली, पुन्हा वर. दुपारपर्यंत आम्ही नुसते काढून राहिलो अन् टाकून राहिलो. तेल तेच, पट्टी तीच, मग खरं काय मानायचं? माझं डोकं चालेनासं झालं. बाबा पट्टी पुसून पुन्हा पुन्हा बुडवून पाहत होते.

मला रडू यायला लागलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त. म्हटलं, "बाबा, मी काय बंद गाडी चालवते? चालू गाडीत कमी दिसते ना, मग टाका अजून."

"जास्त तेलानं सारं फुटून जाईन," काका म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नरसाळं लावलं.

मी गिअर टाकला. गाडीनं एक धक्का खाल्ला आणि हळूच पुढं निघाली. काहून निघाली, ते तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नाही. निम्मं तेल गिअरबॉक्सच्या आतल्या कप्प्यात अडकून राहतं आणि पट्टी गाडी चालू ठेवूनच पाहायची असते, हे फार पुढं कळलं.

काका फाटकाशीच उभे होते. "आज चालली, उद्या बंद पडन. मिस्त्रीले आणतोच मी."

बाबांचे हात कोपरापर्यंत तेलात भरले होते. ते म्हणाले, "नको आणू गा. थो पोरीचा पाय आहे. पाय कोणी काढते काय?"