कथेखालचा पत्ता
चकलीची भाजणी भाजल्याचा वास आला की मला डोंबिवलीतलं ते घर आठवतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी पहिली कथा एका दिवाळी अंकाने घेतली होती. संपादक त्या घरूनच अंक काढायचे. मी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर प्रुफं पसरलेली होती. "कथेखाली लेखकाचा पत्ता छापतो आम्ही. सांग तुझा," ते म्हणाले. आम्ही पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेलो, व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज ठाण्याच्या कचेरीत अडकलेला, आणि बाबांनी बजावलं होतं की पत्ता कुणालाही द्यायचा नाही. अडखळत सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पत्ता लागतच असेल तर कथा राहू दे, सर." त्यांनी चष्मा काढला. "राहू दे कशाला? आमचा पत्ता टाकू." भाजणी परतता परतता काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ओरडल्या, "अगं, म्हणजे तुझ्या वाचकांची पत्रं इथे येणार! न्यायला यावं लागेल हं, आणि चहाशिवाय सोडणार नाही." आमच्या नागरिकत्वाचं अजून काही ठरलेलं नाही. माझ्या कथांखाली त्यांचाच पत्ता असतो. परवा काकूंचा फोन आला, "पत्र आलंय गं तुझं. भाजणीही झालीय. कधी येतेस?"