कमलनं काढायला सांगितलेला उखाणा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, सुनेला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही नाही — त्याला माहीतच असेल, असं धरून गप्प बसले. तुम्ही वाचणारे तर माझे कुणी नव्हेत. म्हणून तुमच्यापुढं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण चार कागद फाडून झाले.

मी लिंबागणेशची. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं वाचायला नातवंडांच्या पुस्तकांवर शिकले. हातात एक कला आहे, जुन्या कापडांची वाकळ, गोधडी शिवायची. तिच्यापायीच बीडच्या एका संस्थेच्या पोरी माझं घर शोधत आल्या. त्यांना तुरुंगातल्या बायांचे आवाज गोळा करायचे होते, आणि बाया काही बोलत नव्हत्या. नाव काय, गाव काय, काय झालं होतं — असं समोर बसून विचारल्यावर कोण बोलेल? पोलिसांनी तेच विचारलेलं असतं. मी म्हणाले, त्यांच्या हातात सुई द्या, हात चालला की तोंड चालतं. तिथून माझं तुरुंगात जाणं सुरू झालं.

सुया मोजून आत न्यायच्या, मोजून बाहेर आणायच्या. कात्री चालत नव्हती, कापड हातानंच फाडायचं. आठ-दहा बाया गोल करून बसायच्या आणि मधे शबानाचं आवाज भरायचं यंत्र. शबाना बीडच्या एका गॅरेजवाल्याची लेक, कॉम्प्युटर शिकलेली, संस्थेत कामाला. मला नानी म्हणायची. भरलेल्या आवाजातली माणसांची आणि गावांची नावं ती कापायची आणि मग ते वेबसाइटवर चढवायची. ती वेबसाइट म्हणजे काय, तर मोबाईलवर एक वाकळ दिसते. ज्या तुकड्यावर बोट ठेवाल, तो तुकडा जोडणारी बाई बोलायला लागते. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तिथंच बटण दाबून बोलायचं. ती उत्तरं आम्ही आत नेऊन बायांना ऐकवायचो. एका बाईनं तिला आलेलं उत्तर तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "माझा वकील बी एवढं बोलला न्हाई माझ्यासंगं."

नियम एकच होता. बाईनं आपला आवाज आधी ऐकायचा. ती काढा म्हणेल ते काढायचं. मग तिचा अंगठा घ्यायचा आणि मगच ते जगापुढं जायचं.

आता कमल. हे तिचं खरं नाव नव्हे. गेवराईकडची. नवऱ्याच्या खुनाची जन्मठेप भोगत होती. खरंखोटं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एकच पोरगी, नर्सिंग शिकायला हॉस्टेलवर. तिथं पोरीनं सांगून ठेवलेलं, की बाप वारला, आई ऊसतोडीला कर्नाटकात जाते. दोन महिन्यांतून एकदा ती मामाबरोबर आईच्या भेटीला, मुलाकातीला यायची. त्याच्या आदल्या दिवशी कमलच्या हातून एक टाका सरळ पडायचा नाही.

महिनाभर कमल गप्पच शिवत होती. एका दुपारी बाया उखाण्यांवर आल्या. एकीनं तिला डिवचलं, "तू बी घे की गं. का वाकळीसंगं तोंड बी शिवलंस?" कमल मान खाली घालून हसली आणि म्हणाली —

"भेंडीच्या वाफ्यात वर चढला दोडका,
अमुकरावांचं नाव घेते, नवरा माझा रोडका."

लग्नात भरल्या मांडवात तिनं हाच उखाणा घेतला होता म्हणे. नवरा काडीसारखा. अख्खा मांडव हसला, आणि त्या दिवसापासून गावात त्याचं नावच रोडक्या पडलं. ऐकून मी एवढी हसले की सुई बोटात गेली. हसणं ओसरल्यावर कमल म्हणाली, "त्या दिवशी त्यो बी हसलता." आणि मग ती बोलत राहिली. पहिल्यांदाच. हातातली सुई तशीच ठेवून बोलली.

संस्थेत ते सगळ्यांपुढं वाजवलं. आधी उखाणा, मग माझं हसू, मग कमल. एकजण रडली. शबाना म्हणाली, "नानी, तुमच्यामुळं बोलली ती." सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. सत्तर वर्षांत माझ्याकडं असं कुणी बघितलं होतं का? स्वयंपाक चांगला झाला तरी आमच्यात कुणी बोलून दाखवत नाही.

ऐकवायच्या दिवशी आत जायची परवानगी एकीलाच मिळाली. मी गेले. कमलनं कानाला लावून सगळं ऐकलं, मग म्हणाली, "मावशी, समदं ऱ्हाऊ द्या. उखाणा तेवढा काढा. नाव कापलं तरी काय, आमच्या गावचं शेंबडं पोर बी वळखील."

मी म्हणाले, काढते. त्या भरवशावर तिनं अंगठा दिला.

बाहेर शबाना वही घेऊन उभी होती. "नानी, कुणी काही काढायला सांगितलं?"

"न्हाई," मी म्हणाले. "समद्या खूश हायेत."

कशापायी म्हणाले मी तसं? तेव्हा मनाची समजूत घातली, की नाव तर कापलंय, कोण ओळखतंय. पण ते खरं नाही. उखाणा गेला असता तर माझं हसू गेलं असतं. कमल कुणामुळं बोलली, ते त्या हसण्यावरूनच कळत होतं. मला ते राहायला हवं होतं. एवढंच होतं ते. दुसरं काही शोधून सापडत नाही.

वेबसाइटवर चढल्यावर पंधरा दिवसांत त्या तुकड्यावर एका बाईचं उत्तर आलं. "अगं ए, रोडक्याची बायकू न्हवं का तू? वाकळा शिवती व्हय आता? थांब, तुझ्या लेकीला दावते तुझी वाकळ." ती कमलची नणंद, हे मागून कळलं. शबानानं त्याच दिवशी तो तुकडा बंद केला. पण तोवर ते या मोबाईलवरून त्या मोबाईलवर, गावभर झालेलं होतं. गावातून हॉस्टेलवर गेलं. पोरीनं शिक्षण सोडलं. पुढच्या मुलाकातीला मामा एकटाच आला आणि म्हणाला, "ती न्हाई येनार म्हनती. कधीच."

त्यानंतर मी आणि शबाना आत गेलो, तेव्हा कमलनं हातात सुई घेतली नाही. मला म्हणाली, "मावशी, मी काढा म्हणले होते ना?"

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. शबाना माझ्या शेजारी बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणाले, "मी सांगितलं होतं हिला. हिच्याकडून राहिलं."

शबाना माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती कमलला म्हणाली, "चूक झाली ताई. माफ करा." कमलनं तिच्याकडं पाठ केली. पुन्हा कधी तिच्याशी बोलली नाही, त्या यंत्रापुढंही बसली नाही. माझ्याशी बोलते अजून.

परत येताना एसटीत शबानानं आपली वही काढली आणि पान न् पान बघितलं. मग म्हणाली, "नानी, तुम्ही सांगितल्याचं मला आठवतच नाही. पण तुम्ही कशाला खोटं बोलाल? माझंच ध्यान नसेल."

तिला माझा रागसुद्धा आला नाही. तिनं स्वतःवरच संशय घेतला. महिन्याभरात तिनं ते काम सोडलं. संस्थेच्या पोरींनी लई समजावलं. ती म्हणाली, माझ्या हातून एका आईची लेक तुटली, आता मला कुणाचा आवाज हाताळायचा नाही. मी तिथंच बसले होते, चहाचा कप हातात धरून. तो चहा मी पूर्ण प्याले, हेही सांगते.

आता चार वर्षं झाली. कमल आत आहे. पोरगी आलेली नाही. शबाना बीडला एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरते आणि लोकांचे अर्ज टाइप करून देते. मी गेले की रांग सोडून माझं काम आधी करते.

तर लिहिते. कमलनं उखाणा काढायला सांगितला होता. मी तो मुद्दाम ठेवला. शबानाला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिच्याकडून काही राहिलं नव्हतं.

कमलला वाचता येत नाही, तिला तोंडानं सांगायचं आहे. भेटायचा अर्ज दिला आहे. आणि हे कागद टाइप करायला उद्या मी शबानाकडंच देणार आहे, माझं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही. तुमच्या हाती येतील तेव्हा तिचं वाचून झालेलं असेल.