बडनेरा ते अकोला, धुऱ्याधुऱ्यानं

"हे कवेलू कोनं हालवलं?" मी विचारलं.

"मी," सुदामजी म्हणाले. "काहून?"

"अन् ते पलीकडचं?"

"तेबी मीच. सारेच सरकवून राह्यलो रोज थोडेथोडे. गाडी पुढं नको जायाले?"

मला काही उमजेना. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उकिडवा बसलो आणि कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या नळीच्या, आत वाकून पाहिलं. आदल्या संध्याकाळी ठेवलेली ज्वारीची भरड तशीच होती. पुढच्या कवेलूतही तशीच. उंदरांनी तिला तोंड लावलं नव्हतं. भुईमुगाला मात्र लावलं होतं. झाडांखालची माती उकरलेली होती आणि अर्धवट भरलेल्या शेंगांची टरफलं वावरभर पडली होती.

त्या वेळी मी शेतकी खात्यात पीकसंरक्षणाच्या कामावर होतो. ऑफिस अमरावतीला, फिरती भातकुलीकडच्या गावांत, वाहन म्हणजे सायकल. कपाशीवर फवारा मारायला जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना गावात चहा मिळे. मला लोक 'उंदीरवाला सायब' म्हणत आणि पोरांना घरात बोलावून घेत. माझ्या पिशवीत झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं विष असे. ही काळपट पूड. तिला लसणासारखा वास येतो. माणसाला तो नको वाटतो, उंदराला चालतो.

सुदामजी रेल्वेत गँगमन होते. बडनेरा ते अकोला या लाइनवर रुळांच्या चाव्या ठोकत त्यांची उमर गेली. रिटायर झाल्यावर नाल्याकाठच्या सरकारी पडीक जमिनीचा तुकडा त्यांना एकसाली पट्ट्यानं मिळाला. एकसाली म्हणजे एका वर्षापुरता. वर्षात जमीन वहितीखाली आणायची, पटवारी पीकपाहणीला येणार, पीक उभं दिसलं तर पट्टा पुढे चालू. नाही दिसलं तर जमीन दुसऱ्याच्या नावावर. मागणारे पुष्कळ होते. सुदामजी आणि त्यांची बायको गयाबाई यांच्या दोन्ही घराण्यांत याआधी कोणाच्या नावावर वावर नव्हतं. दोघांनी धसकटं वेचून, दगड काढून ते नीट केलं होतं आणि त्यात भुईमूग लावला होता. शेंगा भरायला लागल्या आणि उंदीर आले.

पहिल्या दिवशी मी 'जयभीम' म्हणून पाणी मागितलं तेव्हा गयाबाईनं मला निरखून पाहिलं. "आपल्यातला हायेस काय रे? मंग सायब कायले म्हनू? मी तुही मावशी." त्या दिवसापासून तिच्याकडे जेवल्याशिवाय मला जाता आलं नाही. भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा असे. तो इतका जहाल, की सुदामजी म्हणत, "बुढे, हाच ठेव ना उंदरायपुढं. सायबाची पूड काय करते!"

आता कामाचं सांगतो. उंदीर फार संशयी प्राणी आहे. नवीन वस्तू दिसली की तो दोन-तीन दिवस तिच्याजवळ जात नाही. नवीन अन्न जरासं चाखतो. त्यानं पोटात दुखलं तर पुन्हा कधी त्याला शिवत नाही. म्हणून आधी काही दिवस विष न घातलेलं अन्न ठेवायचं. याला प्री-बेटिंग म्हणतात. उंदरांना त्या जागेचा आणि त्या चवीचा भरवसा आला की मग त्याच चवीच्या अन्नात विष मिसळायचं.

हे अन्न उघड्यावर ठेवायचं नसतं. बकऱ्या, कुत्री, कोंबड्या, पाखरं, कोणीही खाईल. त्यासाठी बेट स्टेशन, म्हणजे आमिष ठेवायची जागा, करायचं. छपरावरची दोन अर्धगोल कवेलू एकमेकांवर उताणी-पालथी ठेवली, तारेनं बांधली की नळी होते. धुऱ्याच्या कडेनं, उंदरांच्या वाटेवर ती ठेवायची आणि वर दगड मांडायचा. पाऊस लागत नाही, बकरीचं तोंड शिरत नाही, आणि उंदरालाही आडोशाला खायला आवडतं. एकदा ठेवलेलं स्टेशन मात्र हलवायचं नाही. हललं की ते उंदराला पुन्हा नवीन.

हे सगळं मी दोघांना सांगितलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. 'स्टेशन' म्हटल्यावर सुदामजींचा चेहरा उजळला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर विहिरीजवळच्या कवेलूवर चुन्यानं लिहिलं होतं 'बडनेरा'. पुढे धुऱ्याधुऱ्यानं कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव. नाल्याच्या अंगाला, जिथं जमीन संपत होती, तिथं अकोला. मला गंमत वाटली. मी म्हणालो, "सुदामजी, मूर्तिजापूरले जंक्शन हाये, तथी जास्त भरड टाका." ते मनापासून हसले. रोज संध्याकाळी कंदिलाची वात नीट करावी तशा शिस्तीनं ते सगळीकडे भरड ठेवत.

आणि आता कवेलू सरकलेली होती.

"सुदामजी, गाडी कुठी जायाची हाये?" मी विचारलं.

"खामगावले," ते म्हणाले. "अकोल्याच्या पुढं आपली हद्द सरते ना. उंदीर बडनेऱ्याले खाईन, कुरूमले खाईन, असा खातखात नाल्यापार जाईन. पन स्टेशन जाग्यावरच राह्यलं त तो बी तथीच राहीन. म्हनून मी सरकवून राह्यलो. सरकारनं हे लय बेस काढलं बाप्पा. मारनं नाही, झोडपनं नाही."

गयाबाई मागे उभी होती. तिच्या हातात दुसऱ्या दिवसाच्या भरडीचं टोपलं होतं. ती म्हणाली, "मी त सांगतलं बायायले, आपल्या जातीचा सायब हाये, म्हनून अशी योजना आनली. उंदराले बी पोट हाये."

माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. मी म्हणालो होतो, "आधी नुसतं खाऊ घालायचं, मग विष." त्यांनी 'खाऊ घालायचं' एवढंच धरलं. दोघांनी दीक्षा घेतलेली होती. रोज सकाळी पंचशील म्हणत. त्यातलं पहिलं शील 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीव घेणार नाही. त्यांनी माझी सगळी योजना त्या शीलात बसवून घेतली होती. आम्ही उंदरांना दान देतो आहोत अशी त्यांची समजूत होती. विषाचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून बाजूला ठेवलं होतं.

मी तिथंच सांगितलं. आणखी एक दिवस गेला असता तर सांगणं आणखी अवघड झालं असतं.

गयाबाईनं टोपलं खाली ठेवलं.

"जेवाले बोलवून जहर?"

"मावशी, ते जेवन नसते. ते आमिष..."

"मी रोज सांजच्याले टाकलं. खा बाबूहो म्हनून टाकलं. दुश्मनाले कोनी जहर दिलं त समजते. पन आदी पाह्यनचार, अन् मंग जहर? हे कोनत्या कालेजात शिकला रे तू?"

"मावशी, पटवारी येनार हाये. पीक नाही दिसलं त..."

"मले मालूम हाये पटवारी. जा आता तू."

त्या दिवशी ती मला जेव म्हणाली नाही.

ऑफिसात मी साहेबांना सांगितलं. साहेब पुण्याकडचे, स्वभावानं सरळ. वऱ्हाडी बोलणं त्यांना भांडण वाटे, तेवढंच. ते म्हणाले, "अहो, पिंजरे लावा मग."

"एवढ्या शेताला पुरतील इतके पिंजरे नाहीत, साहेब. आणि पिंजऱ्यातल्या उंदराचं पुढे काय करायचं, हा प्रश्न राहतोच."

"मग त्यांची परवानगी नसेल तर तुम्ही विष ठेवायचं नाही. शेत त्यांचं आहे. दुसरं गाव धरा." मग ते म्हणाले, "पण तुम्ही इतके का कासावीस झालात? उंदीरच आहेत."

 मीही सकाळी पंचशील म्हणत होतो. अंघोळ करून ते म्हणायचो, मग डबा घेऊन, विषाची पिशवी हँडलला अडकवून निघायचो. पहिल्या ओळीला माझा आवाज लहान होई. बायकोच्या ते लक्षात आलेलं होतं, पण तिनं कधी विचारलं नाही. मीच स्वतःला सांगत असे की ही नोकरी आहे, उंदीर धान्य खातात, लोक उपाशी राहतात. सगळं खरंच होतं. आवाज तरी लहान होई.

दुसऱ्या गावी न जाता मी पुन्हा गयाबाईच्या वावरात गेलो. नुकसान वाढलं होतं. नाल्याकडच्या ओळी जवळजवळ गेल्या होत्या. ती मातीत बसून उकरलेल्या शेंगा पदरात गोळा करत होती. रिकाम्याही गोळा करत होती.

मी म्हणालो, "मावशी, तुमी दोघंबी घरी बसा. हात नका लावू. मी माह्या हातानं टाकतो. सरकारी काम हाये, सरकारचा मानूस करीन. तुमचं शील मोडत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग तुह्या शीलाचं काय?"

मला नोकरीत इतकी वर्षं झाली होती. हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी खाली मातीकडे पाहत राहिलो.

"रडू नको," ती म्हणाली. मी रडत नव्हतो, पण तिला तसं वाटलं असावं. "बस इथी. भाकर खाल्ली काय?"

तिघांनी भाकर खाल्ली. शेवटी तीच म्हणाली, "वावर त पाह्यजे. ते सोडनं मले नाही जमत. पन एकल्या पोराच्या डोक्श्यावर देऊन मी घरात नाही बसनार. टाकाचं त तिघंबी टाकू. जे काय व्हईन ते तिघायचं."

सुदामजी उठले. बादलीत चिंधी भिजवली आणि बडनेऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक कवेलूवरचं नाव पुसत गेले. चुना निघेना तेव्हा नखानं खरवडला.

"हे काहून, सुदामजी?"

"स्टेशनावर मुसाफिराले जहर देत नसतेत," ते म्हणाले. "आता हे नुसते कवेलू."

सरकलेली कवेलू आम्ही मूळ जागी नेली आणि साधी भरड पुन्हा काही दिवस ठेवली. या वेळी ती ठेवताना गयाबाई 'खा बाबूहो' म्हणत नसे. भरड सगळीकडे संपायला लागली, तेव्हा एका संध्याकाळी मी तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून विष मिसळलं. साध्या भरडीला लावत होतो तसाच फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलाचा हात लावला. त्यांना मी विषाला शिवू दिलं नाही. पण गयाबाईनं प्रत्येक कवेलूवरचा दगड स्वतः उचलला आणि स्वतः ठेवला. सुदामजींनी बकऱ्या अडवल्या.

सकाळी धुऱ्यावर आणि बिळांच्या तोंडाशी उंदीर पडलेले होते. ते तसेच सोडायचे नसतात, घारी-कुत्री खातात. सुदामजींनी खोल खड्डा खणला. मी चिमट्यानं उंदीर टाकले. उरलेलं आमिषही त्यात गेलं. माती लोटून झाल्यावर गयाबाईनं हात जोडले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग माझ्यावर ओरडली, "हात धू आधी! राखेनं धू! कोपरापासून धू!"

पीकपाहणीला पटवारी आला तेव्हा नाल्याकडची पट्टी बोडकी होती, बाकी भुईमूग उभा होता. त्यानं एक झाड उपटलं, शेंगा दाबून पाहिल्या, दोन खाल्ल्या. गयाबाई म्हणाली, "खाऊन घे, पन लिहून बी घे." त्यानं लिहिलं. पट्टा चालू राहिला.

भुईमूग निघाल्यावर तिनं मला शेंगांची पिशवी दिली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "घे. यात काही मिसळेल नाही."

मी अजून याच कामावर आहे. कवेलूंच्या जागी पत्र्याची स्टेशनं आली, पुडीवरचं लेबल बदललं. माझ्या सांगण्याचा क्रमही मी बदलला आहे. कुठल्याही गावात गेलो की शेवटची पायरी पहिल्यांदा सांगतो: या योजनेत उंदीर मरतात, आणि आधी आपण त्यांना खाऊ घालतो ते त्यासाठीच. कोणी ऐकून बाजूला ठेवू नये म्हणून त्यांच्याच तोंडून परत वदवून घेतो. काही जण विचार करून हो म्हणतात. काही जण नको म्हणतात, मग मी सायकल वळवतो. त्यामुळे माझं काम इतरांपेक्षा कमी दिसतं. पण ज्यांनी हो म्हटलं त्यांच्या वावरातलं स्टेशन कोणी हलवत नाही.