मळेवाल्यांची बाजू

रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मी कामतघरच्या माझ्या घरून निघायच्या बेतात होतो. हरीला द्यायला माझ्याकडे एक उत्तर होतं आणि वाटेत विसरू नये म्हणून ते मनात घोकत होतो. तेवढ्यात त्याच्या पुतण्याचा फोन आला. "काका, अण्णा पहाटे गेले..." मी 'बरं' म्हणालो. असा कसा 'बरं' म्हणालो, देव जाणे.

हरी आणि मी एकाच शाळेत. तो इतिहास शिकवायचा, मी गणित. इंग्रजांचे उसाचे मळे होते त्या बेटांवर आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांना मोकळं करावं की नाही, यावर विलायतेच्या पार्लमेंटात वर्षानुवर्षं वाद झाला. हरी तो नववीच्या वर्गात घडवून आणायचा. पोरं झाडून सगळी सोडवणाऱ्यांकडे बसायची. मळेवाल्यांची बाजू घ्यायला कोणी नाही, म्हणून ती हरी घ्यायचा आणि अख्ख्या वर्गाला गप्प करायचा. एकदा त्याच्याकडे जादा तास मागायला गेलो नि मीही त्यात ओढला गेलो, तो कायमचाच. निवृत्तीनंतर दर रविवारी वडप्याला त्याच्या पडवीत तोच वाद. समोर हायवेवरून कंटेनर धडधडत जायचे आणि आम्ही दोन म्हातारे साखरेवरून भांडायचो.

साखर महागेल, मालकांना भरपाई द्या, हे त्याचे मुद्दे मी परतवायचो. एक मात्र कधीच परतवता आला नाही. "सदा, सोडलंस त्यांना. उद्या खातील काय? ना जमीन, ना घर. आधी तयार करू, मग हळूहळू सोडू." हे तो इतक्या मायेने म्हणायचा की मला घाम फुटायचा. स्वतः अडकला तर मात्र हार मानणार नाही. आत हाक द्यायचा, "चहा गार झाला गं, दुसरा टाक." तेवढीच त्याची शरणागती.

"तुला हीच बाजू कशी गोड लागते रे?" मी एकदा चिडून विचारलं.

"माझा आजा जन्मभर वेठीला राबला, सुटला न्हाय. त्याचा मालक काय बोलून सुखानं झोपत असंल, ते बोलून बघतो."



आता मला कोणी खोडून काढत नाही. मुलगा फोनवर "हो बाबा, बरोबर" म्हणतो. शेजारी मान डोलावतात. खिडकीबाहेर पॉवरलूमची खडखड, घरात मी एकटा. बायको गेली तेव्हा निदान भांडायला हरी होता.

परवा वडप्याला गेलो. हरीच्या खुर्चीवर त्याचा टॉवेल तसाच होता. वहिनींनी चहा दिला.

"त्याला एक उत्तर द्यायचं राहिलंय, वहिनी."

"मंग मला सांगा, भावजी. मी आतून ऐकतच व्हते की सगळं."

हरी गेला त्याच्या आदल्या दिवशी काल्हेरला एका गोदामाबाहेर तांदळाच्या गोणी उतरवून हमाल भाकरी खायला बसले होते, तेव्हा ते सुचलं होतं. मी खुर्चीकडे बघूनच बोललो. "हरी, ते खातील काय, असं विचारतोस. इतके दिवस मळ्यावर सगळ्यांना खायला कोण घालत होतं? पेरायचं त्यांनी, कापायचं त्यांनी, रांधायचंही त्यांनी. काळजी करायचीच असेल, तर मालक काय खाईल याची कर."

वहिनींनी टॉवेलाकडे पाहिलं. मग उठल्या आणि माझ्या हातातला कप घेतला.

"चहा गार झाला, भावजी. दुसरा टाकते."

कपातून अजून वाफ येत होती.