आखूड शिडाचे ओव्हरसियर

ओव्हरसियर टोपी काढून आपलं टक्कल वाऱ्याकडे धरायचे. पैनगंगेच्या काठावर त्यांना तसं उभं पाहिलं असतं, तर तुम्हालाही वाटलं असतं की हे नदीला नमस्कार करताहेत. "टकलाले वारा पयले समजते, भाऊ," ते म्हणायचे, आणि टोपी चढवून शिडाकडे वळायचे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. नदीचं पाणी मोजायच्या आमच्या दफ्तरात ते ओव्हरसियर, मी कारकून. दफ्तराच्या होडीला एकच मोठं शीड होतं. पावसाळी वाऱ्यात होडी इतकी कलायची, की आम्ही मोजमाप सोडून देवाचं नाव घ्यायचो. ओव्हरसियरांनी तरुणपणी मुंबई बंदरात काम केलेलं. त्यांनी ठरवलं, शीड आखूड करता आलं पाहिजे. मग शिडावर आडवी पट्टी शिवून घेतली, तिच्या दोन टोकांना पितळी कड्या, मधे ओळीने नाड्या. वारा वाढला की शीड थोडं उतरवायचं, पुढची कडी डोलकाठीपाशी अडकवायची, मागची दोरीने ताणायची आणि खाली जमलेलं कापड नाड्यांनी बांधायचं.

पहिल्याच वाऱ्यात शीड टरकन फाटलं. आम्ही सगळे कापसाच्या घरातले. नाड्या आम्ही गाठोड्यासारख्या, गुडघा देऊन आवळल्या होत्या, आणि मागची दोरी ढिली. सगळा जोर नाड्यांवर आला. ओव्हरसियर पोट धरून हसले. "हे शीड हाय भाऊ, बाजारात न्यायचा कापूस थोडाच हाय!" मग स्वतःच मांडी घालून ठिगळ लावत बसले. मागच्या दोरीची कप्पी शिडाखालच्या आडव्या बांबूवर आणखी मागे सरकवली, तेव्हा कुठे ती नीट ताणली जाऊ लागली.

असा माणूस आवडणार नाही तर काय? उटनूरला फेरी झाली की माझ्या लेकीसाठी सीताफळं आणायचे आणि बिया काढून तिला भरवायचे. त्यांना बायको-पोरं नव्हती. आमच्याकडे पिठलं खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मिरची तिखट आहे, असं ते सांगत.

मग राज्यांची फेररचना आली. नदीपलीकडचा मुलूख मुंबई राज्यात आणि आम्ही आंध्रात, असं ठरलं. पलीकडच्या दफ्तरात आमच्यातला एकच माणूस घेणार होते. तो कोण, हे ओव्हरसियरांनी सुचवायचं होतं. मला जायचं होतं ते लेकीसाठी, कारण आमच्या शाळेतला मराठीचा वर्ग बंद होणार होता.

"तुमचंच नाव सांगतलं म्या," ते म्हणाले. "मी एकटा जीव. मले तबादला काऊन पायजे?"

त्या शब्दावर बायकोने भांडीसुद्धा बांधायला घेतली. मी अधूनमधून विचारी, तर ओव्हरसियर म्हणत, "काऊन घाई करून राह्यले? हुकूम निघते आता."

एका वाऱ्याच्या दुपारी ते ट्रंका घेऊन काठावर आले. बहिणीचं सामान पलीकडे पोचवायचं म्हणाले. शीड मीच आखूड करून दिलं. कडी अडकवली, दोरी ताणली, नाड्या हलक्या हाताने बांधल्या. त्यांनी माझी पाठ थोपटली. "आता शिकले तुमी." बोलताना नजर मात्र पाण्याकडे होती.

संध्याकाळी दफ्तराचा नावाडी होडी घेऊन एकटाच परतला. साहेब कुठे राहिले, मी विचारलं.

"ते तं आता तिकडंच राह्यतेत. उद्या नव्या हापिसात रुजू होतेत. तुमाले सांगतलं नाई?"

फसवलं मला. जागा हवी होती तर तोंडावर मागायची. मी भांडलो असतो, कदाचित दिलीही असती. पण आमच्या घरी जेवणाऱ्या माणसाने माझ्याच हातून शीड बांधून घ्यावं आणि निघून जावं, याचा राग अजून गेलेला नाही. सीताफळाच्या दिवसांत त्यांची आठवण येते, त्याचा राग वेगळाच.

जूनमध्ये लेक तेलुगू शाळेत जाऊ लागली. एका संध्याकाळी पाटी घेऊन माझ्यापाशी आली.

"बाबा, बरोबर लिवलं का म्या?"

तोवर तिचं प्रत्येक अक्षर मीच तपासत आलो होतो. मी पाटी हातात घेतली आणि बराच वेळ त्या गोल गोल अक्षरांकडे पाहत राहिलो. तिने पाटी माझ्या हातातून घेतली, सुलटी केली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.