तबकडीमागची हजेरी

"आधी पाठ दाखवा," असं म्हणत काका समोरच्याच्या हातातलं घड्याळ घेत आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून टेबलावर ठेवत. आणणाऱ्याने बिचाऱ्याने तबकडी पुसूनपुसून लखलखीत केलेली असे. काकांना तिच्यात काडीचा रस नसे. "तोंडावर जाऊ नका हो. तोंड कोणीही बदलतं."

ठाण्यात कोपरीला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं होतं. बावीस वर्षं आमच्यात एक भिंत आणि दुपारचा एक चहा सामायिक होता. मनगटावरची घड्याळं ते पोटासाठी उघडत. जीव मात्र ठोक्याच्या घड्याळांत. पूर्वी दिवाणखान्यात फळीवर किंवा कपाटावर ठेवत ती लाकडी, लंबकाची, तासाला टोल देणारी घड्याळं. आपल्या घरातलं घड्याळ कुठलं आणि किती जुनं, हे विचारायला त्यांच्याकडे डोंबिवली-कल्याणहूनही माणसं येत.

सन म्हणून ते कधी सांगत नसत. ठोक्याची तार वेटोळ्याची आहे की सरळ दांडी, मागचं लाकूड अखंड की प्लायवूड, स्क्रू कुठल्या घडणीचे, एवढं बघायचं आणि म्हणायचं, "तुमच्या पणजीच्या लग्नाच्या आसपासचं." पणजीचं लग्न कधी झालं हे येणाऱ्याला ठाऊक नसे. मग घरी फोन लागत, कुठल्यातरी म्हाताऱ्या आत्याला झोपेतून उठवलं जाई, आणि काका मजेत चहा पीत बसत.

घोडबंदर रोडवरचं एक तरुण जोडपं ऑनलाइन मागवलेलं 'अँटिक' घेऊन आलं होतं. काकांनी पाठ उघडली, एक स्क्रू काढून मुलीच्या तळहातावर ठेवला. "हा तुमच्याहून लहान आहे. लाडाने वाढवा." बरं, एवढं बोलून वर त्या घड्याळाला तेलही घालून दिलं.

त्यांच्या धंद्यात एक जुना रिवाज होता. घड्याळ पूर्ण उघडलं की आतल्या पितळी पत्र्यावर कारागिराने सुईने आपली खूण आणि साल कोरायचं. काका त्याला हजेरी म्हणत. उमेदीत ते टेंभी नाक्यावर एका उस्तादांकडे कामाला होते. त्या उस्तादांची आणखी एक शिस्त होती. तबकडी बदलली, तर जुन्या तबकडीवर जे नाव असेल तेही आत कोरून ठेवायचं, म्हणजे पुढच्या कारागिराची फसगत होणार नाही. "हजेरी वाचल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही," हे काकांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मीच दुकान चालवू शकले असते.

पण हजेरी वाचायला डोळे लागतात. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ते मलाच, चष्मेवालीला, दोन वर्षं टाळत होते. "काका, ऑपरेशन करून घ्या."

"अगं, हातांना दिसतं मला सगळं."

त्याच काळात बाळकुमहून एक पन्नाशीच्या बाई रिक्षातून घड्याळ घेऊन आल्या. त्यांचे आजोबा तिथल्या एका गिरणीत भोंगा वाजवायला होते. हे घड्याळ बघून त्यांनी उभी हयात भोंगा वाजवला आणि निवृत्त होताना साहेबाने तेच घड्याळ त्यांना दिलं, असं बाईंचे वडील आयुष्यभर सांगत आलेले. आता वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते, बोलणं जेमतेम कळायचं. घर नवीन टॉवरमध्ये हलत होतं.

"दादा म्हणतो, बाबा फेकतात. भंगारबाजारातून आणलेलं असणार, नवीन घरात नको. बाबा सारखं म्हणतात, गिरणीचं नाव, गिरणीचं नाव. पण यावर तर काहीच नाहीये हो. खरं काय ते एकदा कळू दे."

काकांनी पाठ बघितली, मग तबकडीमागे बोट फिरवलं. तिथे जुन्या तबकडीची भोकं रिकामी होती. "यंत्र जुनं आहे, उत्तम आहे. तबकडी नंतरची. जोडकाम आहे, बाई. असा माल बाजारात खूप फिरायचा. तुमचे दादा बरोबर बोलतायत."

आतले पत्रे सोडवून हजेरी त्यांनी वाचलीच नाही. मी शेजारीच उभी होते. मला ते खटकलं आणि मी बोलले नाही, याची लाज मला अजून वाटते.

दोन महिन्यांनी त्याच बाई घड्याळ परत घेऊन आल्या. "ठेवून घ्या. सुटे भाग तरी कामाला येतील. दादाने बाबांना तोंडावर सांगितलं, कारागीरच म्हणतो खोटं आहे म्हणून. तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात. चावी द्या असंही म्हणत नाहीत."

काकांचं मधल्या काळात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, माझ्या कटकटीला कंटाळून. नवीन डोळ्याने ते रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा मोठ्याने वाचत. बाई गेल्यावर त्यांनी घड्याळ सुटं करायला घेतलं. थोड्या वेळाने भिंतीवर टकटक झाली.

"इकडे ये. हे वाच. मला बरोबर दिसतंय का सांग."

पत्र्यावर बारीक अक्षरांत त्या गिरणीचं नाव होतं, 'तबकडी तडकली, बदलली' असं होतं, साल होतं. आणि खाली खूण होती, ती रोज त्यांच्या पावतीपुस्तकावर मी बघत होते तीच.

काकांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मीच लिहिलं, आणि मीच वाचलं नाही."

त्यांनी तासाभरात घड्याळ जोडलं, गाळ्याचं शटर ओढलं आणि मला रिक्षा थांबवायला सांगितली. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकान बंद करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. वाटेत घड्याळ मांडीवर धरून त्यांनी मला दोनदा विचारलं, "ऐकू येत असेल ना गं त्यांना?"

बाळकुमला दार बाईंच्या दादाने उघडलं. आतल्या खोलीत म्हातारबाबा खरंच भिंतीकडे तोंड करून निजले होते. काका पलंगाजवळ खाली बसले.

"साहेब, मी टेंभी नाक्यावरचा घड्याळवाला. तुमची गिरणीच्या नावाची तबकडी मीच बदलली होती. मी विसरलो आणि तुम्हाला खोटं ठरवलं. तुमचं खरं आहे. चूक माझी. माफ करा मला."

म्हातारबाबा हळूहळू वळले. काकांच्या टकलाकडे बघत राहिले. मग मोठ्या कष्टाने एकेक शब्द काढत म्हणाले, "तेव्हा... केस... होते."

बाई हसता हसता रडायला लागल्या. काकांनी चावी दिली, घड्याळ खोलीतल्या कपाटावर ठेवलं. दादा दारात उभा होता. 

त्यानंतर दर गुरुवारी काका चावी द्यायला बाळकुमला जात. तीन महिन्यांनी म्हातारबाबा गेले. गेल्या वर्षी काकाही गेले, झोपेतच, फारसा त्रास न होता. त्यांच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दुपारचा चहा आला की मी अजून दोन कप घेते आणि मग स्वतःवरच वैतागते.

मागच्या महिन्यात म्हातारबाबांचा मुलगा ते घड्याळ घेऊन माझ्या दुकानात आला. "बंद पडलंय. काका कधी येतील?"

मी सांगितलं. तो उभाच राहिला. मी खुर्ची पुढे केली तसा बसला, घड्याळ मांडीवर घेऊन.

"त्यांनी माझ्या बाबांची माफी मागितली ना हो," तो म्हणाला, "तेव्हा मी तिथेच होतो. दारात. मी नाही मागितली."