एका रिंगचा होकार

आमच्याकडे कोणाच्या घरी जायचं झालं तर माणूस फाटकाशी थांबून खाकरतो. आत कोणी जेवत असतं, कोणी उघड्या अंगानं बसलेलं असतं. त्यांना सावरायला तेवढा वेळ मिळतो. घरात मोबाइल आला तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं ते हेच, की या यंत्रातून घरात शिरणारा कोणीच खाकरत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी एका भात गिरणीत हिशेब पाहतो. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, आमच्या भागात टॉवर नुकते उभे राहत होते त्या दिवसांतली. सिमकार्ड घेताना दुकानदारानं माझा फोटो, सही आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेतली.

'हे कागद कुठी जाते?' मी विचारलं.

'कंपनीत, भाऊ.'

'अन् कंपनी कुठी हाये?'

त्यानं मान वर करून टॉवरकडे पाहिलं, जणू कंपनी तिथं टोकावर बसली आहे. मग म्हणाला, 'भाऊ, लोकं रिंगटोन इचारते, तुम्ही पत्ता इचारून राह्यले.'

माझा नंबर मी मोजक्या लोकांना दिला होता : गिरणीचे मालक, माझा साळा आणि मुलीचं डी.एड. कॉलेज. पण महिनाही झाला नसेल, आणि एक बाई हिंदीतून माझं पूर्ण नाव घेऊन मला कर्ज हवं का, असं विचारू लागली. मी म्हटलं, 'आधी हे सांगा, नंबर कोणी दिला?' तिनं फोन ठेवून दिला. मग भविष्य सांगणारे आले, क्रिकेटचा स्कोअर कळवणारे आले. माझ्याबद्दल त्यांना बरंच माहीत होतं. त्यांच्याबद्दल विचारलं की लाइन कटायची. गिरणीत पोतं आत घेताना ते कोणाचं, कुठून आलं हे लिहिल्याशिवाय मी काट्यावर चढू देत नाही. इथं मात्र माझंच पोतं कोणत्या काट्यावर चढतंय ते मला कळत नव्हतं. घरात यावर बोललं की बायको म्हणायची, 'तुम्ही लयच मनावर घेता. वाजला तर वाजू द्या.'

तर दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरोघर पाहुणे. नाटक हे निमित्त. त्या गर्दीत लग्नाची पोरंपोरी एकमेकांच्या घरच्यांच्या नजरेखालून जातात आणि बऱ्याच सोयरिकींची सुरुवात तिथंच होते. त्या वर्षी आम्ही माझ्या साळ्याच्या गावी मंडईला गेलो होतो. तिथं वैनगंगेपलीकडचं, चामोर्शीकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा वनरक्षक. त्याच्या आईवडिलांनी आमच्या मुलीला पाहिलं, दोन गोष्टी विचारल्या, तिच्या हातचा चहा घेतला. मुलगाही होता. तो सारा वेळ कपाकडे पाहत होता.

निघताना मुलाचे वडील मला बाजूला घेऊन, माझा नंबर लिहून घेत म्हणाले, 'भाऊ, आमच्या गावात डब्बा फोन हाये, रुपयावाला. घरी बोलून घेतो. पसंत असंन तर सोमवारी दिवेलागणीले एक रिंग देतो. उचलू नका, नाईतर रुपया जाते.'

'अन् नसंन तर?'

ते हसले. 'नसंन तर कायची रिंग?'

हे मला पटलं. आमच्याकडे नकार कोणी तोंडानं देत नाही. निरोप आला नाही की समजायचं. कोणाला वाईट बोलावं लागत नाही, पोरीवर बोट येत नाही, पुढं बाजारात भेट झाली तरी राम राम करता येतो. गप्प राहणं म्हणजे नाही. पूर्वी होकाराचा निरोप घेऊन माणूस यायचा, आता रिंग येणार होती, एवढाच फरक.

सोमवारी साळा आमच्याकडेच मुक्कामाला होता. फोन खिडकीत ठेवला होता, कारण रेंज तिथंच यायची. बायको स्वयंपाकघरातून तीनदा बाहेर येऊन गेली. मुलगी आतल्या खोलीत पाठाच्या वह्या लिहीत होती. दिवा लागला आणि फोन वाजला. एकदाच. मग बंद.

साळा उठून उभाच राहिला. 'झालं, भाऊजी! जमलं!'

बायकोनं देवापुढं साखर ठेवली, मग आमच्या हातावर, मग वाटी घेऊन ती शेजारी निघाली. मी तोवर फोन हातात घेतला. पडद्यावरचा नंबर पाच आकडी होता. आपल्या भागातल्या डब्ब्यावरून फोन आला की नंबर शून्य-सातनं सुरू होतो, हे मला ठाऊक होतं.

'थांब,' मी बायकोला म्हणालो, 'हा नंबर त्यांचा वाटत नाई.'

'मंग कोणाचा? आज, याच टायमाले, एकच रिंग?'

'आकडे कमी हायेत.'

साळा हसायला लागला. 'भाऊजी, गाव लहान हाये, नंबर बी लहान असंन!'

बायकोला हसू आलं, पण ती माझ्यावर रागावली होती. 'चांगल्या टायमाले आकडे नका मोजू. गिरणीत मोजा.' आणि ती गेली. साळ्यानं माझ्याच फोनवरून त्याच्या घरी कळवलं, त्याच्या बायकोनं तिच्या माहेरी कळवलं. घरात सगळे एकदम बोलत होते. मी नंबर पुन्हा पुन्हा पाहत होतो. साखर जिभेवर विरघळली तरी तोंड गोड झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेल्या गेल्या मी भाताच्या ढिगामागं उभा राहून त्या नंबरवर फोन लावला. तिकडून संगीत वाजलं आणि एक गोड आवाजाची बाई बोलू लागली. जिवंत बाई नव्हे, भरून ठेवलेला आवाज. गाण्यांसाठी एक दाबा, प्रेमाच्या भविष्यासाठी दोन दाबा. मी काहीच दाबलं नाही. फोन ठेवला तर लगेच संदेश आला : तुमची सेवा सुरू झाली आहे, नको असल्यास अमुक नंबरवर कळवा.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर बराच वेळ वाट पाहिल्यावर एक मुलगा लाइनवर आला. त्यानं आधी माझी जन्मतारीख विचारली, मग वडिलांचं नाव.

'तुमचं नाव काय?' मी विचारलं.

'सर, हम नहीं बता सकते.'

'कल शाम को ये रिंग किसने दी?'

'किसीने नहीं, सर. सिस्टम से जाती है.'

'मेरे घर में लड़की का रिश्ता तय हो गया उस रिंग पे.'

त्यानं तिकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, 'कांग्रॅच्युलेशन, सर. और कोई सहायता?'

मी सेवा बंद करायला सांगितली. तो म्हणाला, तुम्ही नको म्हणाला नव्हता, म्हणून सुरू झाली. या वाक्यावर मी अडकलो. आमच्याकडे गप्प राहिलेला माणूस नाही म्हणतो. कंपनीच्या दुनियेत गप्प राहिलेला माणूस हो म्हणतो. आणि ही दुसरी रीत आमच्या खिडकीत, आमच्याच नावानं, आमच्याच सहीनं येऊन बसली होती. मला गाण्यांच्या पैशांचं काही वाटलं नाही. पण शेजारणी आता मुलीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कधी म्हणून विचारत होत्या. खरी रिंग आलीच नसेल, तर ज्या नकारानं कोणाचं काही बिघडायचं नव्हतं, त्या नकारानं तिचं नाव गावभर होणार होतं. ठरलेलं मोडलं, काहीतरी असेल, असं लोक म्हणणार होते. नकार गुपचूप घेण्याची सोय कंपनीनं तिच्याकडून काढून घेतली होती, आणि कंपनीत कोणाला ती आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

घरी न सांगता मी दुपारची गडचिरोलीची बस धरली. सावली गेलं, व्याहाड गेलं, पूल आला. नदीत पाणी कमी झालं होतं. मी बसमध्ये वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. गडचिरोलीला गाडी बदलून पुढं त्या गावात उतरलो, तर मुलाचे वडील अंगणात धानाचे भारे उतरवत होते. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यावरूनच मला कळलं.

पाणी आलं. मी सरळ विचारलं, 'सोमवारी तुम्ही रिंग देली होती का?'

त्यांनी घराकडे पाहिलं. दाराआड मुलाची आई उभी होती. ते म्हणाले, 'नाई देली, भाऊ. पोरगी चांगली हाये. पण हिचं म्हणणं पडलं, का अजून एक ठिकाण पाहून घेऊ.'

मी त्यांना सगळं सांगितलं. पाच आकडी नंबर, साखर, शेजार. ते ऐकताना मधेच हसले, मग त्यांचं हसू गेलं.

'म्हणजे कंपनीनं आमच्या पोराचं लगन लावलं?'

'लावलं नाई. सांगून टाकलं.'

दाराआडून मुलाची आई बाहेर आली. 'साखर किती घरी गेली?'

'मोजली नाई,' मी म्हणालो. आयुष्यात क्वचितच मी हे उत्तर दिलं असेल.

नवराबायको आत गेली. आत हळू आवाजात बोलणं चाललं. एक कोंबडी ओसरीवर चढून माझ्या चपलेकडे पाहत राहिली. ते बाहेर आले आणि मुलाचे वडील म्हणाले, 'भाऊ, आता आम्ही नाई म्हटलं तर पाप आमच्या माथ्यावर येईन. पोरीच्या जातीचं हाये. आमची हो समजा.'

मला त्या क्षणी बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडाच वेळ. ही हो त्यांनी माझ्या मुलीला दिली नव्हती, शेजारच्या साखरेला दिली होती. मी म्हटलं, 'घरी जाऊन सांगतो.' निघताना त्यांनी मुलाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्याच्या नोकरीच्या ठिकाणी आता टॉवर आला होता.

रात्री घरी पोचलो तेव्हा बायको फाटकातच होती. 'कुठी गेले होते? गिरणीतून मालकाचा माणूस इचारून गेला, तुमचा फोन लागत नाई म्हणे!' मी मायलेकींना बसवून सांगितलं. बायकोनं आधी कपाळाला हात लावला, मग शेवटची ओळ ऐकून हात खाली घेतला. 'म्हणजे हो तर म्हटलं ना त्यायनं? मंग झालं. कशी का असंना.'

मुलगी आतापर्यंत काही बोलली नव्हती. तिनं विचारलं, 'बाबा, त्यांची हो नव्हती, बरोबर?'

'नव्हती. आता हाये.'

'अन् माही?'

'तुही काय?' बायको म्हणाली.

'मले कोणी इचारलं होतं का? मी चहा देला, चूप बसली. तुम्ही हो धरली.' ती रागानं बोलत नव्हती. वर्गात फळ्यावर गणित मांडावं तसं मांडत होती. 'त्या कंपनीच्या पोरानं तुमाले हेच सांगतलं ना? नाई म्हटलं नाई, म्हणून चालू झालं.'

बायको म्हणाली, 'कंपनी अन् मायबाप एक हाये का, वो?'

'नाई एक. म्हणून तर तुमाले इचारून राह्यली.'

माझा हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला. तीच म्हणाली, 'त्याचा नंबर हाये का तुमच्याजवळ?'

तोवर आमच्या घराण्यात कुठल्या मुलीनं साक्षगंधाआधी मुलाशी एकटीनं बोललेलं मला आठवत नाही. बायको माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. मी खिशातून चिठ्ठी काढून मुलीला दिली आणि फोनही दिला. फोनमध्ये पैसे होते, सकाळीच टाकले होते.

ती खिडकीपाशी गेली. बायको दारामागं उभी राहू लागली, तशी मी तिला म्हटलं, 'चल, बाहेर चल.'

'ऐकू तरी द्या, काय म्हणते ते.'

'तेच नाई ऐकायचं.'

आम्ही दोघं फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. खिडकीतून तिची सावली दिसत होती. एकदा ती हसल्यासारखी वाटली, एकदा बराच वेळ नुसती ऐकत होती. शेजारीण आपल्या दारातून म्हणाली, 'काऊन बाहेर उभे हा दोघंही?' बायको म्हणाली, 'हवा खाऊन राह्यलो.' मी इकडून तिकडे फिरत होतो. बायकोनं मला दोनदा हात धरून थांबवलं.

मुलगी बाहेर आली. म्हणाली, 'त्याले म्हटलं, पुन्हा या. आईबापाले घेऊन, दिवसा. मले इचारायचं हाये ते मी समोर इचारीन. तो येतो म्हणे. मंग पाहू.'

'हो का नाई?' बायकोनं विचारलं.

'मंग पाहू, म्हटलं ना, आई.'

शेजारणींना मी स्वतः जाऊन सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही, घाई आमच्याकडून झाली. त्या हसल्या, चारचौघींत बोलल्याही असतील. पुढच्या आठवड्यात ते लोक आले. तिनं विचारलं, त्यानं कपाकडे न पाहता उत्तरं दिली, मग त्यानंही विचारलं. होकार दोघांनी तोंडानं दिला. लग्न उन्हाळ्यात झालं आणि आज ती वनखात्याच्या वसाहतीत नांदते.

त्या रात्री खिडकीत ती त्याच्याशी काय बोलली, हे मी तिला कधी विचारलं नाही. कंपनीकडे मात्र त्याची नोंद असणार : कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ. बापाला जे माहीत नाही, त्याचा निम्मा भाग एका अनोळखी जागी लिहिलेला आहे, आणि तो कोण वाचतो ते मला कोणी सांगत नाही. फोन आता माझ्या खिशात असतो. एक रिंग वाजून बंद झाली की हातातलं काम थांबतं आणि मी आधी आकडे मोजतो.